आधी ऐका, मग शिक्षा



लाचेचा आरोप आलेल्या सरकारी नोकरालाही अपवाद सोडता थेट बडतर्फ करता येत नाही. घटनेच्या ३११ व्या कलमानुसार दोषारोप कळवून त्याचे म्हणणे ऐकावे लागते. चौकशी अहवालाची प्रतही शिक्षेआधी त्याला द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली ठरवले. हे योग्यच आहे. खोट्या तक्रारीने कुणाची भाकरी जाऊ नये. तेव्हा ‘चौकशी कशाला, हाकला त्याला’ असे आपण म्हणू नये.

पण खरेदी केंद्रावर ‘कापूस ओला’, ‘ज्वारी काळी’ असे तोंडी सांगून गाडी परत पाठवली, तर तीही शिक्षाच. तिथेही कारण लेखी द्या, नमुना आमच्यासमोर तपासा, फेरतपासणी करा. नोकराला मिळतो तो न्याय; आम्हीही तोच मागतो, मेहेरबानी नाही.