लसूण वाळवतं कोण आणि भाव ठरवतं कोण?

क्रांती चौकातून रोज जा-ये करणाऱ्यांना मोर्चाचं नवल राहिलेलं नाही. १८५७ च्या उठावातल्या शिपायांना जिथे मृत्युदंड दिला गेला तो काळा चबुतरा इथलाच. ९ ऑगस्ट २०१६ ला पहिला मराठा क्रांती मोर्चा निघाला तोही इथूनच. सिल्लोडचं गाऱ्हाणं असो की पैठणचं, ते मांडायला माणसं याच चौकात येतात. महागाई वाढली की बायका गळ्यात कांद्या-लसणाच्या माळा घालून ‘भाव कमी करा’ अशा घोषणा देतात. भाव पडले की शेतकरी कुटुंबं ‘मालाला भाव द्या’ म्हणत येतात. ऐकणाऱ्याला वाटतं, या दोघी एकमेकींच्या विरोधातल्या. एकीला लसूण स्वस्त हवा, दुसरीला महाग. मग सरकारने ऐकायचं तरी कोणाचं?

मैत्रिणींनो, मला विचाराल तर या दोघींचं भांडण मुळात नाहीच. पिकवणारी आपला लसूण मार्च-एप्रिलमध्ये विकून मोकळी होते आणि खाणारीची खरी अडचण पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत होते. मधल्या सात-आठ महिन्यांत लसूण कोणाच्या घरात असतो, हा खरा प्रश्न आहे. त्याबद्दल मात्र कोणी घोषणा देत नाही.

भावाचा झोपाळा

गेल्या काही वर्षांत लसणाच्या भावाने जे झोके घेतले ते आठवा. २०२२ मध्ये मध्य प्रदेशात लसूण इतका स्वस्त झाला, की काही बाजारांत किलोला चार-पाच रुपये, कुठे त्याहूनही कमी मिळाले. गाडीभाडंही निघेना म्हणून शेतकऱ्यांनी पोतीच्या पोती नदीत ओतून दिली. देशातला निम्म्याहून अधिक लसूण या एकट्या राज्यात पिकतो. हात पोळलेल्या शेतकऱ्यांनी पुढे लागवड कमी केली. मग व्हायचं तेच झालं. २०२४ च्या सुरुवातीला आणि पुन्हा त्याच वर्षाच्या अखेरीला आपल्याकडच्या शहरांतही लसूण किलोला ४०० रुपयांच्या पुढे गेला. ‘चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला’ ही म्हण तेव्हा अक्षरशः खरी झाली. जानेवारी २०२५ च्या सरकारी महागाईच्या आकड्यांत लसूण आदल्या वर्षीपेक्षा ३० टक्क्यांनी महाग होता. मोठा भाव पाहून सगळ्यांनीच लागवड वाढवली होती. नवं पीक आलं आणि २०२५ मध्ये भाव पुन्हा खाली घसरले.

टंचाई आली की लबाडीही येते. ऑगस्ट २०२४ मध्ये अकोल्यात चक्क सिमेंटच्या गड्ड्या लसूण म्हणून विकल्याच्या बातम्या झळकल्या. चिनी लसणाच्या आयातीवर आपल्याकडे २०१४ पासून बंदी आहे, तरी सप्टेंबर २०२४ मध्ये तो चोरवाटेने आल्याचं सांगत गुजरातमधल्या गोंडलच्या व्यापाऱ्यांनी आंदोलन केलं. इथे एक सांगायला हवं. पाकळी मोठी नि पांढरी दिसली की ‘चिनी आहे’ म्हणून आपण मोकळ्या होतो. पण मोठ्या पाकळीचा लसूण भारतातही पिकतो. बिचाऱ्या भाजीवालीवर उगाच संशय नको.

ज्याच्या हाती ससा तो पारधी

या सगळ्या चढ-उतारात फायदा कोणाचा झाला? ज्याच्याकडे कोरडी, हवेशीर जागा होती आणि थांबायला पैसा होता, त्याचा. त्यालाही कधीतरी फटका बसतो. २०२५ मध्ये चढ्या भावाच्या आशेने माल धरून ठेवणाऱ्यांना तो बसलाच. पण थांबायचं की विकायचं, हे ठरवणं निदान त्याच्या हातात असतं. एक-दोन वाफे लसूण करणाऱ्या बाईला तो पर्यायच नसतो. घरात जागा नाही, उधारी फेडायची आहे, वर अवकाळीचं भय. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाड्यातली कोणतीही शेतकरीण विसरलेली नाही. मग ओला-सुका जसा असेल तसा लसूण बाजारात जातो. ओला म्हणून भाव पाडला जातो तो वेगळाच.

दुसरी गोष्ट बियाण्याची. लसणाला पेरायचं बी नसतं, पाकळीच लावावी लागते. एकरी साधारण दोन क्विंटल लसूण नुसता लावायला लागतो. म्हणजे मार्चमध्ये सगळं विकून बसलेली बाई ऑक्टोबरमध्ये तोच लसूण चढ्या भावाने विकत घेणार. लागवडीचा खर्च तिथेच दुप्पट-तिप्पट. ‘बियाण्यापुरतं राखून ठेव’ असं आपल्या सासवा-आजेसासवा बजावायच्या, त्यामागचा हिशेब हा होता.

काढणीची वेळ आणि सुकवणीची कला

आता थोडं कामाचं बोलू. आपल्याकडे लसूण लावतात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि साडेचार महिन्यांच्या आसपास तो काढणीला येतो. शेंड्याकडून पात पिवळी पडून वाळू लागली, माना मऊ होऊन पडायला लागल्या, की वेळ झाली समजावं. काढणीआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडायचं. हे पाणी तोडणंच अनेकींच्या जिवावर येतं, अजून थोडा पोसू दे असं वाटतं. पण भरपूर पाणी पिऊन निघालेला लसूण टिकत नाही. घाईने काढला तर साल पातळ राहते आणि गड्डी आक्रसते. फार उशीर केला तर पाकळ्या फाकून सुट्या होतात आणि जमिनीतच पुन्हा कोंब धरतात.

उपटताना नुसती पात ओढू नये, खुरप्याने माती सैल करावी. गड्डी आपटून माती झाडू नये, कारण दबलेल्या जागेवरच पुढे बुरशी धरते. पाण्याने धुण्याचा तर प्रश्नच नाही. मग पातीसकट ओळीने पसरायचा तो असा, की एका ओळीच्या पातीने आधीच्या ओळीच्या गड्ड्या झाकल्या जातील. आपल्याकडचं मार्च-एप्रिलचं ऊन काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. उघड्या गड्डीवर ते थेट पडलं तर पाकळी आतून उकडल्यासारखी होते. दोन-चार दिवसांनी जुड्या बांधून सावलीत, वारा खेळेल अशा जागी दहा-पंधरा दिवस टांगायच्या.

पात लगेच का कापायची नाही? कारण मान ओली असताना कापली तर ती उघडी जखम राहते. मान हळूहळू वाळून मिटली आणि वरची साल कागदासारखी झाली, की आतल्या पाकळीला जणू झाकण बसतं. बाहेरचा दमटपणा, बुरशी सहज आत शिरत नाही. लसूण वाळला की नाही हे ओळखणंही सोपं आहे. मान चिमटीत धरून दाबली तर ओली लागत नाही, मुळ्या कडकड मोडतात आणि गड्डी हातात घोळवली की साल सळसळते. मगच मुळ्या छाटायच्या आणि इंचभर मान ठेवून पात कापायची. वेणी घालून टांगायचा असेल तर पात ठेवावी.

पाच किलोचा हिशेब

शहरात, तालुक्याच्या गावी राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी काय करावं? तहान लागल्यावर विहीर खोदण्यापेक्षा नव्या पिकाच्या दिवसांत नीट वाळलेला लसूण बघून घ्यावा. समजा, किलोला १०० रुपये भावाने पाच किलो घेतला आणि दिवाळीपर्यंत वजनातली घट नि खराबी धरून एक किलो गेला. तरी उरलेला चार किलो आपल्याला १२५ रुपयांनी पडला. भाव चढले तर वाचलो. नाही चढले तरी फार बिघडलं नाही. हा सट्टा समजू नका, वर्षाची डाळ भरतो तसंच हे. मात्र ओलसर मानेचा लसूण स्वस्त मिळाला म्हणून साठवायला आणू नये. तो महिनाभरात संपवायचा.

साठवायला जाळीची पिशवी, बांबूची टोपली किंवा टांगलेली जुडी उत्तम. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरतो आणि बुरशी येते. पूर्वी चुलीच्या वर लसणाच्या जुड्या टांगलेल्या असायच्या, त्या धुराने नि ऊबेने कोरड्या राहायच्या. आता गॅस आला, आपल्या फुप्फुसांची सुटका झाली, फार चांगलं झालं. पण गॅसवर कुकरची वाफ असते, तिथे लसूण टांगू नका. फ्रिजमध्येही अख्ख्या गड्ड्या नकोत. तिथल्या थंडाव्याने उलट कोंब लवकर येतात, शीतगृहाचं तापमान शून्य अंशाच्या आसपास असतं ते वेगळं. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा टोपली पालथी करून नासकी गड्डी बाजूला काढावी, एक नासली की शेजारच्याही जातात.

आणि हे मात्र नीट लक्षात ठेवा. सोललेला लसूण नुसत्या तेलात बुडवून फ्रिजबाहेर साठवू नका. तेलाखाली हवा पोचत नाही आणि बोट्युलिझम नावाच्या जीवघेण्या विषबाधेचे जंतू तिथे वाढू शकतात. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात १९८५ मध्ये हॉटेलात वापरलेल्या अशाच तेलातल्या लसणाने ३६ जणांना बाधा झाली होती. आपल्या लोणच्याला लिंबाचा आंबटपणा नि मिठाचं राखण असतं, नुसत्या तेलाला ते नसतं.

कष्ट बाईचे, सातबारा कोणाचा?

वैजापूरकडच्या एका बचत गटाच्या बैठकीत एक मावशी म्हणाल्या, ‘‘लसूण लावायचा मी, वाळवायचा मी. इकायचा मालकानं. आन् पावसाळ्यात दुकानातून पावशेर आणायचा तो बी मीच!’’ सगळ्या हसल्या. पण त्या हसण्यात किती कडवटपणा होता! लावणी, खुरपणी, काढणी, निवडणं, जुड्या बांधणं, यातलं बहुतेक काम बाईच्या हातचं. सुकवणीचं ज्ञानही तिचंच. पण वाळवायला निवारा मागायची वेळ आली की कागद दुसऱ्याच्या नावावर असतो.

योजना नाहीत असं नाही. कांदाचाळ आणि लसूण साठवणगृहासाठी एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानातून अनुदान मिळतं, अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा असतो. वैयक्तिक शेतकऱ्यांबरोबर बचत गट, महिला गट यांचाही लाभार्थ्यांत समावेश आहे. पण त्यासाठी जमीन स्वतःची हवी आणि सातबाऱ्यावर पिकाची नोंद हवी. इथेच गाडी अडते. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शेतखात्यांपैकी जेमतेम १४ टक्के खाती बायकांच्या नावे होती. शिवाय घरापुरता, कांद्याच्या वाफ्याच्या कडेने लावलेला लसूण सातबाऱ्यावर लिहितो कोण?

म्हणून दोन कामं आपण आपल्या पातळीवर करू शकतो. पहिलं, पतीच्या संमतीने पत्नीचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याची लक्ष्मी मुक्ती योजना आपल्या राज्यात १९९२ पासून आहे. तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, जाऊन तिची चौकशी करा. दुसरं, लसणाची नि कांद्याची नोंद ई-पीक पाहणीत करायला घरच्यांना भाग पाडा. नोंद नसेल तर सरकारच्या लेखी ते पीक नसतंच.

आणि एक मागणी सरकारकडे. प्रत्येकीला स्वतंत्र चाळ परवडणार नाही, तिची गरजही नाही. गावातल्या बचत गटाला ग्रामपंचायतीच्या जागेत एक सामाईक सुकवणी-साठवण शेड का मिळू नये? वर पत्रा, चारही बाजूंना जाळी, आत बांबूचे मांडव, जमिनीपासून उंच फळ्या. बांधणीत फार अवघड असं काही नाही. दहा-पंधरा जणींनी आपापला लसूण तिथे वाळवावा. काही घरी न्यावा, काही बियाण्याला राखावा, काही गरजेपुरता लगेच विकावा आणि उरलेला एकत्र मिळून, भाव बघून. सगळाच राखून ठेवू नये, २०२५ ची घसरण ध्यानात असू द्या. सप्टेंबर २०२५ च्या महापुरात मराठवाड्यातल्या कितीतरी घरांतलं साठवणीचं धान्यही भिजून गेलं. अशा वेळी उंचावरची एखादी पक्की शेड गावाला किती आधार देईल! शहरातल्या गटांनी अशा गावच्या गटाशी थेट बोलणी करून वर्षाचा लसूण घेतला तर दोघींचाही फायदा.

तेव्हा पुढच्या वेळी क्रांती चौकात महागाईविरुद्ध उभं राहायची वेळ आली, तर ‘भाव कमी करा’ आणि ‘भाव द्या’ यांच्या जोडीला तिसरा फलक हवा, ‘गावोगावी बायकांना साठवणीची जागा द्या’. तो धरायला खाणारी आणि पिकवणारी, दोघींनी एकत्र यायला काय हरकत आहे?