पुढे झुका, पण किती?

स्कीइंग शिकायला गेलेल्या प्रत्येकाने एक वाक्य हमखास ऐकलेलं असतं: "पुढे झुका!" गुलमर्ग असो नाहीतर टाहो, शिकवणारा सकाळपासून तेच ओरडत असतो. आपली देशी मंडळी इमानेइतबारे कमरेतून वाकतात, बूड मागे जातं, तासाभरात मांड्या भरून येतात आणि दुपारी कॉफी पिताना निष्कर्ष निघतो, "आपल्याला बुवा हे जमणारं काम नाही. फिटनेसच नाही!"

माझं मत विचाराल तर यातल्या बऱ्याच जणांनी फिटनेसच्या नावाने बोटं मोडण्याआधी पायातल्या बुटाकडे बघावं. स्की बुटाची नळी सरळ उभी नसते, पुढे कललेली असते. या कलाला म्हणतात फॉरवर्ड लीन. हल्लीच्या बुटांत तो साधारण १२ ते १६ अंशांचा असतो आणि बऱ्याच बुटांत तो कमी-जास्त करता येतो. पण भाड्याच्या दुकानात आपल्याला विचारतात काय? फक्त पायाचं माप, वजन आणि उंची. बाकी सगळं डीफॉल्ट सेटिंग!

मुळात हा कल हवा कशाला? उतारावर घसरताना शरीर उताराशी काटकोनात हवं. मन मात्र घाबरून जमिनीवरच्या सवयीने सरळ उभं राहू बघतं, म्हणजेच मागे पडतं. नडगी बुटाच्या जिभेवर टेकलेली असली की वजन मागे न जाता पावलाच्या मध्यावर राहतं आणि स्कीचं पुढचं टोक वळण पकडतं. १९६० च्या दशकात अमेरिकेत बॉब लँग यांनी प्लास्टिकचे कडक बूट आणले, तेव्हापासून हा कोन चामड्यासारखा सैल न पडता पक्का राहायला लागला. पुढे १९९० च्या दशकात मधे बारीक आणि टोकांना रुंद अशा स्की आल्या. कडेवर टेकवली की ती स्की बरीचशी आपणच वळते, त्यामुळे जास्त पुढे रेलायची गरज कमी झाली. थोडक्यात काय, "जितका जास्त कल तितका भारी स्कीअर" हा समज आता जुना झाला.

गंमत अशी की कल जास्त झाला तरी माणूस मागेच जातो. नडगी फार पुढे ढकलली की गुडघे जास्त वाकतात आणि तोल सांभाळायला बूड मागे जातं. मग नुसतं उभं राहायलाही मांड्यांना राबावं लागतं. हा प्रश्न फक्त दुखण्याचा नाही. बूड गुडघ्यांच्या खाली गेलेलं आणि सगळं वजन उताराकडच्या स्कीच्या शेपटीवर, ही गुडघ्यातलं एसीएल तुटायची कुप्रसिद्ध पोझ आहे. त्या क्षणी बाइंडिंग बूट सोडेलच याची खात्री नाही.

तर करायचं काय? आधी घरीच अनवाणी उकिडवे बसा. टाचा जमिनीला टेकल्या तर घोट्याची लवचिकता चांगली आहे. आपल्या आज्या या परीक्षेत डिस्टिंक्शनमधे पास! खुर्चीत दहा तास बसणाऱ्या आपल्या पिढीच्या टाचा मात्र उचलल्या जातात. अशा माणसाला जास्त कल सोसत नाही. बुटात टाचेखाली छोटी पाचर घातली तर मदत होते.

मग बुटात उभे राहून बघा. बकलं लावा, सपाट जमिनीवर सैल उभे राहा. काही न करता मांड्या ताणल्या जात असतील तर कल जास्त आहे. पोटरीमागे, लायनर आणि कवच यांच्यामधे, स्पॉयलर नावाचा प्लास्टिकचा तुकडा असतो. तो आधी काढायला सांगा. पोटऱ्या भरदार असतील तर त्याच नळीला पुढे ढकलतात, वर स्पॉयलरची भर कशाला? उलट पोटऱ्या बारीक असून मागे फट राहत असेल तर तोच स्पॉयलर कामाला येतो. काही बुटांना मागे स्क्रू असतो, त्याने दोनेक अंशांचा फरक करता येतो.

नियम आपला नेहमीचाच, डीबगिंगचा: एका वेळी एकच गोष्ट बदला, दोन्ही पायांना सारखीच, आणि सोप्या उतारावर दोन फेऱ्या मारून बघा. बाइंडिंगच्या स्क्रूंना मात्र हात लावू नका, ते काम टेक्निशियनचं.

यावर "आम्ही दोन दिवसांसाठी जातो, कोण एवढं करतो?" असा सूर निघेल. पण दोनच दिवस असतील तर त्यातली वीस मिनिटं बुटांवर घालवणं जास्तच गरजेचं. विमानाचं तिकीट, हॉटेल, क्लासची फी एवढं मोजून पहिल्याच दुपारी कॉफीच्या टेबलावर येऊन बसायचं, तेही एका प्लास्टिकच्या तुकड्यापायी? दुकानातला मुलगा कंटाळला तरी चालेल, सरळ विचारा: "याचा फॉरवर्ड लीन कमी होतो का?"