आज काय आकडा आला?

सोमवारी सकाळी ऑफिसच्या पँट्रीत कॉफी मशीनपाशी उभे राहा आणि नुसतं ऐका. "तुला किती?" "बहात्तर. तुला?" "अठ्ठावन्न यार! शनिवारची पार्टी भोवली." हे मॅचचे स्कोअर नाहीत की अप्रेझलचं रेटिंग नाही. रात्री झोप कशी लागली त्याचे मार्क आहेत, मनगटावरच्या घड्याळानं दिलेले! आपल्या आजोबांच्या काळात गिरणगावात सकाळी सकाळी 'आज काय आकडा आला?' असं विचारायचे, तेव्हा विषय मटक्याचा असायचा. आता आकडा आपल्याच अंगातून निघतो, एवढाच फरक. बीपीला तर ओपन आणि क्लोजसुद्धा आहे.

गेल्या पाच-सहा वर्षांत आपल्या घरांमध्ये एकेक मिनी दवाखानाच उघडलाय. कपाटात बीपीचं मशीन, फ्रीजवर ग्लुकोमीटर, आणि ड्रॉवरमध्ये जुनी सिमकार्डं नि रबरबँड यांच्या सोबतीला ऑक्सिमीटर. पूर्वी ही सगळी आयुधं डॉक्टरांकडे असायची. काय आकडा आला ते तेच बघायचे आणि आपल्यापर्यंत फक्त 'मीठ कमी करा' एवढंच पोचायचं. आता आकडा थेट आपल्या हातात आलाय. त्याचं करायचं काय, हे मात्र बॉक्सवर लिहिलेलं नसतं.

बोटाला चिमटा

ऑक्सिमीटर हा शब्द २०२०च्या आधी तुमच्या-आमच्यापैकी किती जणांनी ऐकला होता? त्या सप्टेंबरमध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली आणि आशाताई दारोदार जाऊन बोटाला चिमटा लावू लागल्या. '९४च्या खाली गेला तर सांगा' हे वाक्य पाठ झालं. लोक घरातल्या घरात सहा मिनिटं चालून परत बोट घालून बघायचे. त्या दिवसांत या छोट्याशा डबीनं किती जणांना वेळेवर हॉस्पिटलमध्ये पोचवलं, त्याला तोड नाही.

हा चिमटा ज्याच्या डोक्यातून निघाला तो जपानी इंजिनिअर, ताकुओ आओयागी. गोष्ट १९७०च्या दशकातल्या सुरुवातीच्या वर्षांतली. त्याला खरं तर हृदय किती रक्त पंप करतं ते कानाच्या पाळीवर प्रकाश टाकून मोजायचं होतं, पण नाडीचे ठोके मध्ये मध्ये येऊन सगळं रीडिंग बिघडवत होते. तो कटकट्या ठोका काढून टाकण्याच्या नादात त्याच्या लक्षात आलं, की याच ठोक्याचा वापर करून रक्तातला ऑक्सिजन काढता येईल! लाल आणि इन्फ्रारेड असे दोन प्रकाश बोटातून सोडायचे. ऑक्सिजन भरलेलं रक्त आणि ऑक्सिजन उतरलेलं रक्त हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषून घेतात. उरलेलं काम गणिताचं. आओयागी एप्रिल २०२०मध्ये गेला. म्हणजे, अख्खं जग त्याच्या चिमट्यात बोट घालून बसलं होतं, नेमकं तेव्हा.

पण फंडा कितीही भन्नाट असला तरी प्रकाश त्वचेतून जातो, आणि त्वचा सगळ्यांची सारखी नसते. डिसेंबर २०२०मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी अमेरिकन हॉस्पिटलांमधली आकडेवारी छापली. ऑक्सिमीटर 'ठीक आहे' म्हणतोय आणि रक्त तपासलं तर ऑक्सिजन प्रत्यक्षात खाली, असं कृष्णवर्णीय पेशंटांच्या बाबतीत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा झालं होतं. अमेरिकेच्या एफडीएनं २०२१मध्ये लोकांना सावध केलं आणि जानेवारी २०२५मध्ये कंपन्यांसाठी मसुदा काढला, की वेगवेगळ्या वर्णांच्या माणसांवर टेस्ट करून दाखवा. गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिराती बघत मोठ्या झालेल्या आपल्या देशात या बातमीवर किती चर्चा झाली? मी तरी फार ऐकली नाही. याच एफडीएच्या म्हणण्याप्रमाणे मशीनवर ९० दिसत असेल तर खरा आकडा ८६ ते ९४ यातला कुठलाही असू शकतो. नेलपॉलिश, गार पडलेली बोटं हे आणखी वेगळं. तेव्हा चिमटा ९६ दाखवतोय, पण समोरच्या माणसाला धाप लागलीय, तर माणसाकडे बघायचं.

बाबांचं बीपी

आता तुमच्या घरातलं सगळ्यात लाडकं मशीन. पहिल्या पगारातून आईला साडी आणि बाबांना बीपीचं मशीन, हा आपल्या पिढीचा नवा संस्कार आहे. (जुलै २०२१मध्ये सरकारनं ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर, बीपी मशीन, नेब्युलायझर आणि डिजिटल थर्मामीटर या पाच वस्तूंवरचं व्यापारी मार्जिन ७० टक्क्यांवर बांधलं. गिफ्ट जरा आवाक्यात आलं, ते तेव्हापासून.)

जुनं पाऱ्याचं मशीन आठवतंय? इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६मध्ये तो पट्टा आणि पारा आणला, रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी १९०५मध्ये स्टेथोस्कोप लावून ठोके ऐकायची पद्धत शोधली, आणि पुढची शंभर वर्षं डॉक्टर तेच करत आले. घरातलं डिजिटल मशीन मात्र काहीच 'ऐकत' नाही. पट्ट्यातली हवा उतरताना धमनीची थरथर किती होते ते ते टिपतं. थरथर सगळ्यात जास्त कधी झाली हे त्याला कळतं. वरचा आणि खालचा आकडा त्यावरून कंपनीच्या स्वतःच्या फॉर्म्युल्यानं काढला जातो. म्हणूनच दोन कंपन्यांची मशीन एकाच दंडावर थोडे वेगळे आकडे दाखवतात. ठोके अनियमित असतील तर गणित आणखी घसरतं.

मशीनपेक्षा जास्त घोळ आपण घालतो. टिपिकल सीन बघा. बाबा नुकताच चहा पिऊन सोफ्यावर पायावर पाय टाकून बसलेत. टीव्हीवर चार पक्षांचे चार प्रवक्ते एकमेकांच्या अंगावर ओरडताहेत. आई किचनमधून विचारतेय, 'भाजीला काय करू?' बाबा शर्टाची बाही वर सरकवतात, बटण दाबतात, आणि मशीन फुगत असतानाच सांगतात, 'वांगी नको!' आकडा येतो १५२. घरभर टेन्शन!

यात चहापासून वांग्यापर्यंत सगळ्यानं आकडा वर नेलाय. मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी-सिगरेट बंद, पाच मिनिटं शांत बसणं, पाठीला टेका, पाय जमिनीवर सरळ, हात टेबलावर हृदयाच्या पातळीला, पट्टा उघड्या दंडावर, आणि मशीन चालू असताना मौनव्रत! एक-एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजायचं. बोअर आहे, मान्य. पण हे केलं नाही तर तो आकडा बीपीचा नसून न्यूज चॅनलचा आहे. आणखी एक गोष्ट, जी दुकानदार सहसा सांगत नाही. दवाखान्यात १४०/९० ही जी रेषा धरतात, ती घरच्या रीडिंगसाठी १३५/८५ असते. कारण उघड आहे. पांढरा कोट बघून कित्येकांचं बीपी चढतं, घरी तेवढं चढायला नको.

माझ्या ओळखीतल्या एका काकांनी हे सगळं अगदी शिस्तीत केलं. रोज सकाळी सातला रीडिंग, वहीत रकाने आखून. महिनाभरात आकडा ११८, १२०, ११६ असा सुंदर यायला लागला, तेव्हा काकांनी गोळी बंद केली. 'मशीनच सांगतंय की नॉर्मल आहे!' आकडा गोळीमुळे नॉर्मल होता, हे वहीत कुठे लिहिणार? पुढच्या पानांवर १३८, १४६, १६० आहे, आणि तरीही ते डॉक्टरांकडे गेले नाहीत, कारण 'उद्या उतरेल'. दोन महिन्यांनी एका सकाळी उजव्या हातातून चहाचा कप सुटला. काका आता बरे आहेत, सही मात्र डाव्या हातानं करतात. त्यांची मुलगी बेंगळुरूला असते. तिच्या फोनवर ही सगळी रीडिंग ब्लूटूथनं आपोआप येत होती. ती म्हणाली, "मला वाटायचं, मशीन आहे म्हणजे लक्ष आहे."

परदेशात किंवा दुसऱ्या शहरात राहणाऱ्या आपल्यातल्या प्रत्येकाला हे वाक्य लागू आहे. अॅपवर हिरवा टिक आला म्हणजे आईशी बोलणं झालं, असं नसतं हो.

दंडावरचा जादूचा ठिपका

हिंजवडीतला माझा एक मित्र डायबेटिस नसताना दंडावर सीजीएम लावून फिरतो. सीजीएम म्हणजे सतत शुगर मोजणारा सेन्सर. मिसळ खाल्ली की फोन काढून ग्राफ दाखवतो, पाव खाल्ला की दुसरा. त्याच्याबरोबर जेवायला जाणं सध्या बंद केलंय. हा ठिपका रक्तातली शुगर थेट मोजत नाही, त्वचेखालच्या द्रवातली मोजतो, त्यामुळे रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो. धडधाकट माणसाची शुगरही जेवणानंतर वर जाते आणि खाली येते. ती जायलाच हवी!

पण हाच ठिपका टाइप वन डायबेटिस असलेल्या एखाद्या सात वर्षांच्या पोराच्या दंडावर बघा. त्याची आई रात्री तीनला उठून झोपलेल्या लेकराच्या बोटाला सुई टोचायची. आता शुगर घसरली की फोन वाजतो. आयसीएमआरच्या २०२३मध्ये आलेल्या अभ्यासाप्रमाणे देशात १० कोटींहून अधिक लोकांना डायबेटिस आहे. ज्यांना इन्सुलिन घ्यावं लागतं, त्यांना या सेन्सरची खरी गरज, आणि दोन आठवड्यांनी नवा सेन्सर घेणं त्यातल्या बहुतेकांना परवडत नाही. लावतो कोण, तर माझा मित्र. मला हे खटकतं.

आणि ऑनलाइन सेलमध्ये हजार-दीड हजारात मिळणारी, सुई न टोचता शुगर दाखवणारी घड्याळं? त्यांच्या वाटेला जाऊच नका. फेब्रुवारी २०२४मध्ये एफडीएनं बजावलं होतं, की त्वचेला न टोचता स्वतःहून शुगर मोजणाऱ्या एकाही स्मार्टवॉच किंवा रिंगला आपण मान्यता दिलेली नाही. त्या आकड्यावर कोणी इन्सुलिन घेतलं तर जीवावर बेतेल.

बाकी आपल्या लाडक्या झोपेच्या स्कोअरबद्दल एवढंच, की २०१७मध्ये काही अमेरिकन संशोधकांनी एका नव्या त्रासाला 'ऑर्थोसोम्निया' असं नाव दिलं. परफेक्ट झोपेचा स्कोअर यावा या टेन्शननं झोप उडते, तो हा त्रास. अठ्ठावन्नवाल्या मित्रा, ऐकतोयस ना?

आता येत्या रविवारचं काम. बाबांचं मशीन पिशवीत घालून त्यांच्या डॉक्टरांकडे न्या आणि त्यांच्या मशीनशी एकदा ताडून घ्या. निघण्याआधी पट्ट्यावरचा छापील माप वाचा. बऱ्याच मशीनसोबत येणारा पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटरच्या दंडासाठी असतो आणि जाड दंडाला तो लहान पडला की आकडा उगाच वर जातो. दंड मोजायला आईच्या शिलाई मशीनच्या खणातली टेप चालेल. सेंटिमीटरची बाजू वर ठेवा.