सोळा मिलिमीटरसाठी सहाशे किलो

जुनी हायेस घेतली की वर्षभराच्या आत एक विचार मनात येतोच: चाकं जरा मोठी बसवली तर? गाडी उंच दिसेल, वाळूत रुतणार नाही, आणि तशलीहमध्ये, म्हणजे जुन्या गाड्या सुट्या करून विकतात त्या बाजारात, रिम-टायरचा अख्खा संच नव्या टायरच्या निम्म्या पैशांत मिळतो. तुमच्याही मनात हे असेल, तर तिकडे जाण्याआधी दहा मिनिटं वही-पेन घेऊन बसा. मी उलटं केलं. आधी भाव ठरवला, मग गणित मांडलं, आणि संच तिथेच सोडून आलो.

माझ्या गाडीचा मूळ टायर १९५/७० आर १५. रुंदी १९५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ७० टक्के, रिम १५ इंची. भिंत वर एकदा आणि खाली एकदा अशी दोनदा धरायची, त्यात रिमचे ३८१ मिलिमीटर मिळवायचे. एकूण व्यास ६५४. तशलीहमधला संच होता २१५/६५ आर १६, व्यास ६८६. म्हणजे ३२ मिलिमीटर जास्त. पण आस चाकाच्या मध्यावर असतो, त्यामुळे गाडी वर येणार फक्त १६ मिलिमीटर. एका बोटाची जाडी!

आता टायरवर मापाच्या पुढे असलेला आकडा बघा. तो भाराचा निर्देशांक. माझ्या मूळ टायरवर १०४ आहे, म्हणजे एका टायरला ९०० किलो. तशलीहमधला टायर मोटारीचा होता, त्यावर ९८, म्हणजे ७५० किलो. चार टायरांचे ३,६०० ऐवजी ३,००० झाले. बारा माणसं, डबे, पाण्याचे कॅन आणि टपावरच्या सतरंज्या धरून भरलेली हायेस तीन टनांच्या आसपास जाते, आणि त्यातला निम्म्याहून जास्त भार मागच्या दोन टायरांवर असतो. दोघांची मिळून क्षमता १,५०० किलो. शिल्लक काहीच नाही.

आपण राहतो तिथे ही शिल्लकच महत्त्वाची. टायर तापतो तो नुसत्या उन्हाने नाही. जमिनीला टेकताना तो दबतो, सुटताना फुलतो, आणि प्रत्येक वेळी थोडी ऊर्जा रबरात उष्णता होऊन राहते. ताशी १२० किलोमीटरला माझं चाक सेकंदाला सोळा वेळा फिरतं. भार जास्त किंवा हवा कमी असली की दबणं वाढतं आणि उष्णताही. जुलैच्या दुपारी दम्माम-रियाध रस्त्यावर ती बाहेर टाकायला थंड हवा मिळत नाही. कडेला पडलेले टायरांचे फाटके पट्टे तुम्हीही पाहिले असतील.

बाकीचे तोटे त्यामानाने किरकोळ. व्यास पाच टक्के वाढला की काटा १२० दाखवताना खरा वेग १२६ असू शकतो. काटा मुळात थोडा जास्तच दाखवत असेल तर फरक कमी पडेल, पण साहेरचा कॅमेरा खरा वेग मोजतो. ब्रेकची पकडही तेवढीच कमी होते, इंजिनाला चढावर जास्त ओढावं लागतं, आणि पूर्ण वळवल्यावर चाक आतून घासतं का हे बसवून बघितल्याशिवाय कळत नाही. सहा नटांची भोकं जुळली म्हणजे रिम जुळली असंही नाही.

मोठ्या चाकांना माझा सरसकट विरोध नाही. त्याच २१५/६५ आर १६ मापात मालवाहू गाड्यांचा ‘सी’ टायर येतो, निर्देशांक १०९, म्हणजे १,०३० किलो. पण नवे टायर आणि तेवढा भार झेलणाऱ्या रिम घेतल्या की स्वस्ताईचा मुद्दा संपला. खिसा सांभाळायचा असेल तर माझं मत असं: रिम मूळच्याच ठेवा आणि २०५/७० आर १५ ‘सी’ नवे घ्या, निर्देशांक १०६. व्यास ६६८, दोन टक्क्यांची वाढ, क्षमता ९५०. फुशारकी मारण्यासारखं दिसत नाही, हे कबूल. बाजूला उत्पादनाची तारीख चार आकड्यांत असते, तीही वाचा: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. तशलीहमधले माझे टायर त्याहून जुने होते, वरून मात्र काळे कुळकुळीत.

वाळूचं काय? वाळूत १६ मिलिमीटरपेक्षा हवा कमी करणं कितीतरी उपयोगी. टायर लांबट पसरतो, भार जास्त जागेवर वाटला जातो, चाक खणत नाही. फक्त डांबरी रस्त्यावर येण्याआधी बंशरवाल्याकडे (आपला ‘पंक्चर’च अरबीत जाऊन ‘बंशर’ झाला आहे) हवा परत भरा. पुढे महामार्गावर तासभर धावल्यावर दाब चार-सहा पीएसआय वाढलेला दिसेल. दहा अंशांना साधारण दोन पीएसआय, हा वायूचा साधा नियम. घाबरून तेव्हा हवा सोडू नका. गार झाल्यावर टायर कमी हवेचा होईल, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही तसेच मक्केकडे हजार-बाराशे किलोमीटरला निघाल. दाब मोजायचा तो फजरच्या सुमारास, गाडी हलवण्याआधी. स्टेपनीचासुद्धा.