रुतलेली गाडी आणि धावून जाणारी माणसे

चतुर्थीच्या दिवशी भरती किती वाजता पूर्ण होईल, हे कोकण किनाऱ्यावरच्या जाणत्या माणसाला पंचांगाखेरीज दुसरे काही न पाहता सांगता येते. तिथीची पाऊणपट करावी; जो आकडा येईल त्या सुमारास पाणी पुरते चढलेले असते. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे संकष्टीला दुपारी तीनच्या आसपास भरती, आणि त्याआधी सहा तास, सकाळी नऊच्या सुमारास, ओहोटीची सीमा. हा ठोकताळा आहे, अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतोच. पण अंगारकीला गणपतीपुळ्यास सकाळी येणाऱ्या परगावच्या भाविकाला एवढेही ठाऊक नसते. त्याला समोर दिसते ती रुंद, ओली, पायाखाली घट्ट लागणारी पुळण. एखादा हौशी गृहस्थ तीवर गाडी उतरवतो. पौर्णिमेला जेमतेम तीन-चार दिवस झालेले असतात, उधाणाचा जोर पुरता ओसरलेला नसतो. दर्शन, जेवण उरकून तो परत येतो तेव्हा लाटा चाकांना लागलेल्या असतात आणि चाके वाळूत गेलेली असतात.

भाट्ये, आरे-वारे, गुहागर, मुरूड, कर्दे असा कोणताही किनारा घ्या, सुट्टीच्या दिवसांत हा प्रसंग आता नवा राहिलेला नाही. शेजारच्या रायगड जिल्ह्यात, रेवदंड्याच्या किनाऱ्यावर 2024 साल सरता सरता एक फेरारी गाडी अशीच रुतली आणि अखेर ती बैलगाडीने ओढून काढावी लागली. त्या चित्राने महाराष्ट्राची बरीच करमणूक झाली. शेकडो घोड्यांची शक्ती दोन बैलांपुढे हरली, हा विनोद खराच होता. परंतु त्या हास्यकल्लोळात एक प्रश्न कोणी विचारला नाही. बैलांच्या पायाला दुखापत झाली असती, दोर तुटून गाडीवानाला लागला असता, तर त्याची भरपाई कोणी केली असती?

आपल्याकडे रुतलेल्या गाडीला हात लावायला माणसे बोलवावी लागत नाहीत. होडीवर काम करणारे, शहाळी विकणारे, शाळेतून परतणारी मुले, कोणीही धावतो. हा गुण शहरांतून झपाट्याने नाहीसा होत चालला आहे आणि आमच्या जिल्ह्यात तो अद्याप शिल्लक आहे, याचा अभिमान वाटावा अशीच स्थिती आहे. म्हणूनच त्याविषयी चार रोखठोक शब्द लिहिणे भाग आहे. कारण या धावण्यामागे चांगुलपणा पुष्कळ असतो आणि माहिती फार थोडी.

गाडी वाळूत बसते म्हणजे नेमके काय होते? ओल्या वाळूवर चाक एका जागी फिरू लागले की वाळूचे कण सुटे होतात, त्यांत पाणी शिरते आणि चाक स्वतःचाच खड्डा खणत जाते. थोड्याच वेळात गाडीचे पोट वाळूला टेकते. मग ती ओढण्यास लागणारे बळ हे नुसत्या चाकांवरच्या गाडीला लागते त्याच्या अनेक पट होते. प्रसंगी गाडीच्या वजनाएवढे किंवा त्याहूनही अधिक. हे बळ कोणा एका दोराने, एका हुकाने, एका बोल्टाने पेलायचे असते. तो दोर बहुधा मासेमारीच्या होडीवरचा, उन्हापाण्याने विरलेला नायलॉनचा असतो आणि तो बांधला जातो बंपरला किंवा शोभेसाठी बसवलेल्या गार्डला. नायलॉन ताणला की लांबतो आणि ओढणाऱ्याचे सारे बळ स्वतःत साठवून ठेवतो. ओढणारी गाडी झटका देण्यासाठी दुप्पट वेगाने पुढे गेली की हे साठवण चौपट होते, हे शाळेतल्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातलेच गणित आहे. दोर किंवा हुक तुटला तर ती सारी शक्ती एका क्षणात मोकळी होते, आणि वाटेत जो उभा असेल त्याच्यावर येते. ऑस्ट्रेलियात गाडीमागे ट्रेलर जोडण्याच्या लोखंडी गोळ्याला दोर अडकवून रुतलेली गाडी ओढताना तो गोळा तुटून उडाला आणि माणसे दगावली, असे एकाहून अधिक वेळा घडलेले आहे.

इतक्या दूरही जाण्याचे कारण नाही. काही वर्षांपूर्वी भाट्याच्या पुळणीवर प्रस्तुत लेखकाने हे डोळ्यांनी पाहिले. रुतलेल्या गाडीला जीप लावली होती, दहाबारा जण भोवती होते, आणि दोराला लागूनच एक शाळकरी मुलगा उभा राहून ‘अजून, अजून’ म्हणून ओरडत होता. तिसऱ्या झटक्याला हुक निसटला. तो मुलाच्या डोक्यावरून गेला आणि मागे सुरूच्या झाडाच्या बुंध्यावर आदळला. साल निघून आतले पांढरे लाकूड दिसू लागले. क्षणभर कोणी बोलले नाही. मग कोणीतरी हसले, दोर पुन्हा बांधला गेला आणि तो मुलगा होता त्याच जागी पुन्हा उभा राहिला. त्याला तेथून दूर व्हायला सांगणारे आमच्यापैकी कोणीच नव्हते, हे कबूल केले पाहिजे.

कायदा आपल्या पाठीशी आहे, असा एक समज सुशिक्षितांतही आढळतो. तो अर्धवट आहे. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यास त्रास होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 30 मार्च 2016 रोजी मार्गदर्शक तत्त्वांना मान्यता दिली आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 134-अ हे कलम आले. पण हे संरक्षण आहे ते अपघातात सापडलेल्या माणसाला तातडीची मदत करणाऱ्यास. वाळूत बसलेली मोटार ही अपघातग्रस्त व्यक्ती नव्हे. ती ओढताना तिचा बंपर निखळला, किंवा बघ्यांपैकी एखाद्याचा पाय मोडला, तर 134-अ कडे बोट दाखवता येणार नाही. विम्याचेही तसेच. शेतीसाठी म्हणून विमा उतरवलेला ट्रॅक्टर हजार रुपये घेऊन गाडी टोचन करायला गेला आणि काही विपरीत घडले, तर विमा कंपनी हात वर करू शकते. ज्याची गाडी निघाली तो गृहस्थ तोवर कराडच्या पुढे गेलेला असतो.

किनारा सोडून महामार्गावर आले तर धोक्याचे रूप बदलते. पावसाळ्यात मुंबई-गोवा मार्गाची साइडपट्टी खचते, एखादी गाडी तीत कलते, आणि मदतीला थांबलेली चार माणसे वळणावर, धुक्यात, रस्त्याकडे पाठ करून उभी राहतात. 5 ऑक्टोबर 2022 च्या पहाटे मुंबईच्या वांद्रे-वरळी सागरी सेतूवर एका अपघाताच्या ठिकाणी रुग्णवाहिका आणि इतर वाहने थांबलेली असताना मागून भरधाव आलेली मोटार त्यांच्यावर आदळली. पाच जण मृत्युमुखी पडले. त्यांत मदतीसाठी आलेले सेतूवरील कर्मचारीही होते. प्रशिक्षित माणसांची, दिव्यांनी उजळलेल्या पुलावर ही गत झाली; कशेडी किंवा परशुराम घाटात भिजत उभ्या असलेल्या माणसाने आपल्या मागे काय आहे याचा विचार करायला नको काय?

मग काय, हात बांधून पाहत राहायचे? मुळीच नाही. माणसांना आधी बाहेर काढावे आणि पाण्यापासून वा रस्त्यापासून दूर न्यावे. त्यासाठी जिवाची बाजी लावणाऱ्याला आमचा नमस्कार आहे. परंतु माणसे सुखरूप निघाली की उरते ते लोखंड. त्याचा बहुधा विमा असतो, ढकलणाऱ्या पोराचा नसतो. भरती अंगावर येत असेल तर गाडी समुद्राला द्यावी. वेळ असेल तर दोराआधी फावडे हाती घ्यावे, चाकांपुढची वाळू काढावी, टायरमधली निम्मी हवा सोडावी, फळ्या किंवा झावळ्या घालाव्यात. पुष्कळ गाड्या एवढ्यानेच निघतात. दोर लावायचाच झाला तर जॅकच्या पिशवीत असलेला स्क्रूचा हुक बंपरमागच्या त्याच्या जागी बसवावा, दोरावर ओले पोते टाकावे, आणि दोराच्या दीडपट अंतराच्या आत एकाही माणसाला उभे राहू देऊ नये. मुलांना तर मुळीच नाही. फिरत्या चाकाखालून फळी बाणासारखी सुटते, म्हणून चाकाच्या रेषेतही कोणी नसावे. हे आपल्या माध्यमिक शाळांतून सांगायला एक तास पुरेल.

पण मुळात गाडी वाळूवर जातेच का, याचे उत्तर ग्रामपंचायतींनी आणि जिल्हा प्रशासनाने द्यायचे आहे. फलक लावून हे थांबत नाही. फलकाला टेकून छायाचित्र काढून पुढे गाडी नेणारेही आम्ही पाहिले आहेत. पुळणीकडे उतरणाऱ्या प्रत्येक वाटेच्या तोंडाशी माणूस आणि होडीची हातगाडी जाईल, पण मोटार जाणार नाही, एवढ्या अंतराने चिरे रोवावेत. ते मे महिन्याच्या सुट्टीआधी रोवावेत. रत्नागिरी जिल्ह्यात जांभ्या दगडाचा तुटवडा आहे, अशी सबब निदान कोणी सांगणार नाही.