बंदिस्त कप्प्यावर किती विसंबावे?

बिटकॉइन या आभासी चलनाची जाहीर खातेवही आज 500 गिगाबाइटहून मोठी आहे. दिंडोशीतील एखाद्याच्या साध्या फोनात ती मावणार कशी? म्हणून फोन वहीच्या प्रत्येक पानाचा 80 बाइटचा मथळाच ठेवतो आणि आपल्या खात्यातील व्यवहार दूरच्या मोठ्या संगणकाला विचारतो. मात्र विचारताना खाते कोणते हे त्या संगणकाला कळते. वही सर्वांना खुली. मग सारी देवघेवही कळलीच!

झुरिकच्या संशोधकांनी 2019 मध्ये यावर उपाय सुचवला. मोठ्या संगणकाच्या प्रोसेसरमधील बंदिस्त कप्प्यात प्रश्न सांकेतिक रूपात जावा. यंत्राच्या मालकालाही तो वाचता येऊ नये. कल्पना सुंदर आहे. परंतु 2018 मध्येच 'फोरशॅडो' हल्ल्याने इंटेलच्या अशा कप्प्यातील गुपिते बाहेर काढून दाखवली होती.

माझ्या मते कप्प्यामुळे विश्वासाची गरज संपत नाही. तो यंत्राच्या मालकाऐवजी चिप बनवणाऱ्यावर ठेवावा लागतो, एवढेच. त्यापेक्षा दुसरी रीत बरी. फोनने प्रत्येक पानाची छोटी 'चाळणी' उतरवून घ्यावी, आपली नोंद कोणत्या पानावर असू शकेल हे स्वतः ताडावे आणि ते पूर्ण पान मागवावे. यात डेटा थोडा जास्त खर्च होतो, पण खाते कोणाला सांगावे लागत नाही. जे सांगितलेच नाही, ते फुटणार कसे?