‘हबशी’ म्हटले की विषय संपत नाही

मराठ्यांच्या इतिहासावरील कोणतेही पुस्तक उघडा. मलिक अंबराची ओळख त्यात एका वाक्यात उरकलेली आढळेल: तो हबशी गुलाम होता. त्यानंतर त्याची गनिमी युद्धपद्धती, त्याची जमीनमहसुलाची व्यवस्था, १६१० साली त्याने वसविलेली खडकी, १६२४ ची भातवडीची लढाई आणि त्या लढाईतील शहाजीराजांचा पराक्रम हे सारे यथासांग येते. परंतु गुलाम होण्यापूर्वी हा मनुष्य कोण होता, कोणत्या समाजात जन्मला, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही. जणू बाजारात ज्या दिवशी त्याची किंमत ठरली त्याच दिवशी तो जन्माला आला! हे मौन निरुपद्रवी आहे असे मला वाटत नाही. त्याच्या मुळाशी एक समजूत आहे, आणि ती आपल्या सुशिक्षित बैठकांतूनही बिनदिक्कत बोलून दाखविली जाते: गोऱ्यांचे पाऊल पडेपर्यंत आफ्रिकेला इतिहासच नव्हता. ही समजूत खोटी आहे, आणि भोपाळच्या मराठी माणसाने तरी ती बाळगू नये, एवढेच मला येथे सांगावयाचे आहे.

प्रथम अंबराचीच गोष्ट घेऊ. त्याचा जन्म इथिओपियात १५४८ च्या सुमारास झाला. त्याचे मूळ नाव चापू असे सांगितले जाते आणि तो ओरोमो समाजातला असावा असे अभ्यासक मानतात. ओरोमो म्हणजे रानात भटकणारी टोळी अशी कल्पना कोणी करून घेऊ नये. त्यांच्यात ‘गदा’ नावाची वयोगटांवर आधारलेली व्यवस्था होती. सत्ता एका गटाकडे आठ वर्षे राही, मग ती पुढच्या गटाकडे जाई. युनेस्कोने २०१६ साली या व्यवस्थेची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. बाहरे नावाच्या इथिओपियन धर्मगुरूने १५९३ च्या सुमारास, म्हणजे अंबर दक्षिणेत तलवार गाजवीत असतानाच, ओरोमोंचा वृत्तांत गीझ भाषेत लिहून ठेवला. बाहरे त्यांच्या शत्रुपक्षातला होता. तरीही त्यांच्या विजयाची कारणे त्यांच्या समाजरचनेत शोधण्याइतका तो विचारी होता. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या धर्मगुरूने दाखविलेले कुतूहल आपण दाखवू नये, याला काय म्हणावे?

यावर एक उत्तर हमखास मिळते: अंबर हा अपवाद होता. दिसण्यात स्तुती, पण हीच खरी अवहेलना. ज्याने अंबराला विकत घेतले तो निजामशाहीचा पेशवा चंगीजखान स्वतः हबशीच होता. विजापूरच्या मुहम्मद आदिलशाहाच्या दरबारात इखलासखान हा हबशी सरदार कारभाराच्या शिखरावर पोहोचला. बंगालच्या गादीवर १४८७ ते १४९३ या काळात हबशी सुलतान बसले. अहमदाबादेत ज्या मशिदीची दगडी जाळी पाहण्यास जगभरातून लोक येतात ती सिदी सय्यदची. इतके अपवाद एका रांगेत उभे राहिले म्हणजे नियमच तपासावा लागतो. घोडदौड, मुत्सद्देगिरी, माणसे जोडण्याची हातोटी यांतले काहीच या लोकांनी आपल्या भूमीतून आणले नसेल, सारे येथेच शिकले असतील, असे मानण्यास आधार कोणता?

दुसरे उत्तर अधिक तिखट असते: सिद्दी हे स्वराज्याचे वैरी, त्यांचे गोडवे आपण का गावे? जंजिऱ्याच्या सिद्दीने कोकणच्या रयतेला छळले हे कोणी नाकारीत नाही. १६६० साली पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर आपल्या मुलांनाही ठाऊक असतो. पण त्याच वर्षी तो वेढा फोडण्यासाठी नेताजी पालकरांसमवेत चालून गेलेला सिद्दी हिलाल किती जणांना ठाऊक आहे? हिलालचा मुलगा वाहवाह त्या झुंजीत शत्रूच्या हाती लागला. अफझलखानाच्या भेटीस जाताना महाराजांनी जे दहा विश्वासू अंगरक्षक निवडले त्यांत एक सिद्दी इब्राहिम होता. महाराजांच्या हयातीत रचलेल्या परमानंदाच्या ‘शिवभारता’त मलिक अंबराचा उल्लेख आदराने येतो. म्हणजे खुद्द शिवकालीन कवीला जो उदारपणा जमला तो त्याच्या आजच्या वाचकांना जमत नाही.

‘हबशी’ या शब्दात आणखी एक खोट आहे. हबश म्हणजे ॲबिसिनिया, आजची इथिओपियाची भूमी. परंतु आपल्याकडे आलेले सारे आफ्रिकी लोक तेथले नव्हते. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात राहणारे सिद्दी आज कोकणीच्या वळणाची भाषा बोलतात. त्यांच्यात हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती तिन्ही आहेत. पोर्तुगीजांनी पूर्व आफ्रिकेतून गोव्यात आणलेल्या गुलामांपैकी जे निसटून रानात शिरले, त्यांचे ते बहुतांशी वंशज समजले जातात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून भारतातील सिद्दींचे मूळ बांटू भाषा बोलणाऱ्या आफ्रिकी समाजांत असल्याचे दिसून आले. भडोच जिल्ह्यात, आपल्याच नर्मदेच्या खालच्या अंगाला, रतनपूरच्या बावा गोर दर्ग्याशी नाते सांगणारे सिद्दी आपल्या नृत्याला ‘गोमा’ म्हणतात. बांटू भाषांत ‘ङोमा’ म्हणजे ढोल, आणि दूर दक्षिणेतल्या झुलू भाषेत ‘इङोमा’ म्हणजे गाणे. नोंदवही भरणाऱ्याने एकाच रकान्यात ‘हबशी’ लिहून टाकले, पण ढोलाने आपले नाव सोडले नाही. सरकारी दप्तरात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला ही गोष्ट चांगली कळते: रकान्यात लिहिलेला शब्द बहुधा लिहिणाऱ्याच्या सोयीचा असतो.

बांटू भाषाकुळाच्या त्या दक्षिण टोकाला जे घडले ते पाहिले म्हणजे असल्या सोयीची किंमत काय पडते ते कळून येते. झुलू, खोसा, स्वाझी, न्देबेले या परस्परांशी निकट नाते असलेल्या समाजांना आज अभ्यासक ‘ङुनी’ असे एकत्रित नाव देतात. व्यापक अर्थाने ते नाव विसाव्या शतकात रूढ झाले. त्यापूर्वी गोऱ्यांच्या लेखी हे सारे ‘काफिर’ होते. अरबांकडून उचललेला हा शब्द आज तेथे अत्यंत हीन शिवी मानला जातो. लोकांची नावे पुसल्यावर त्यांची भूमी रिकामी ठरविणे सोपे जाते. एकोणिसाव्या शतकातील वसाहतवादी इतिहासकारांनी असे पसरविले की, डच लोक १६५२ साली केपच्या टोकाला उतरले त्याच सुमारास हे काळे लोकही उत्तरेकडून येत होते. तेव्हा दोघेही सारखेच उपरे. या कथेच्या छायेत १९१३ चा भूमी कायदा झाला आणि देशातील बहुसंख्य प्रजेच्या वाट्याला सुमारे सात टक्के जमीन उरली. इतिहास नाकारण्याचा व्यवहार शेवटी सातबाऱ्यावर उतरतो, तो असा.

ती कथा खोटी होती. नाताळच्या भूमीत शेती करणारे आणि लोखंड गाळणारे लोक इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकाच्या पूर्वार्धापासून वस्ती करून असल्याचे उत्खननांतून सिद्ध झाले आहे. आणि एक साक्ष तर आपल्याच किनाऱ्यावरून निघालेल्या जहाजांची आहे. कोचीनहून मिरी भरून लिस्बनला निघालेले ‘साव जोआव’ हे पोर्तुगीज जहाज १५५२ साली त्या किनाऱ्यावर फुटले. १५९३ साली ‘सांतो आल्बेर्तो’ फुटले. वाचलेले लोक पायी उत्तरेकडे गेले. १५९३ च्या वृत्तांतात तेथील गावप्रमुखांना ‘अँकोसे’ म्हणतात अशी नोंद आहे. झुलू आणि खोसा लोक राजाला आजही ‘इन्कोसी’ म्हणतात. म्हणजे डचांच्या आगमनापूर्वी साठ वर्षे ती भाषा त्या किनाऱ्यावर नांदत होती.

आणि ही माणसे कशी राहत होती? त्यांच्यात प्रत्येकाचे कुळनाम असते आणि एकाच कुळनामाच्या वधूवरांचा विवाह निषिद्ध असतो. पूर्वजांची आणि राजांची बिरुदे गाणारे कवी असतात. आपल्या शाहिरांशी त्यांची तुलना करण्याचा मोह होतो. ‘हलोनिपा’ नावाचा एक रिवाज आहे: सुनेने सासऱ्याचे नाव तर घ्यावयाचे नाहीच, पण त्या नावातील अक्षरे ज्या शब्दांत येतात ते शब्दही टाळून दुसरे योजावयाचे. शेजारच्या खोई आणि सान लोकांच्या भाषांतील टाळू-जिभेचे चटकारे ङुनी भाषांत आले; त्या लोकांशी सोयरीक झाल्याने आणि काही अंशी या पर्यायी शब्दांच्या वाटेने ते आले असावेत, असे भाषाशास्त्रज्ञांचे मत आहे. सासऱ्याचे नाव ओठांवर येऊ नये म्हणून रोजच्या वस्तूलाही दुसरे नाव देणारी आजी ज्यांनी पाहिली आहे आणि उखाण्याशिवाय पतीचे नाव न घेणारी आई ज्यांना आठवते, त्यांना हे परके वाटू नये. यावरून त्यांचे-आपले मूळ एक असा भलता निष्कर्ष कोणी काढू नये. मर्यादा, कुळ आणि स्मृती यांवर उभा राहिलेला समाज ‘इतिहासपूर्व’ नसतो, एवढेच यातून घ्यावयाचे.

‘पण लेखी पुरावा कुठे आहे?’ हा शेवटचा बालेकिल्ला. आफ्रिका जगाच्या इतिहासाबाहेर आहे असे जर्मन तत्त्वज्ञ हेगेलने सांगितले, हे आपले विद्वान मोठ्या आदराने उद्धृत करतात. त्याच व्याख्यानांत हिंदूंनाही इतिहास नाही असे त्याने सांगितले आहे, हे मात्र ते सोयिस्करपणे विसरतात. हेगेलचे एक विधान शिरोधार्य आणि दुसरे अपमानास्पद, हा न्याय कुठला? आपण त्या आक्षेपाला उत्तर दिले ते दप्तरे धुंडाळून. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड छापली. आफ्रिकेत साधने माणसांच्या मुखी होती. नाताळमधील जेम्स स्टुअर्ट या गोऱ्या अधिकाऱ्याने १८९७ पासून सुमारे पंचवीस वर्षे जवळजवळ दोनशे जाणत्यांच्या मुलाखती टिपून ठेवल्या. १९७६ पासून त्या ग्रंथरूपाने येऊ लागल्या. युनेस्कोने १९६४ साली हाती घेतलेला आफ्रिकेचा सामान्य इतिहास आठ खंडांत पूर्ण झाला. मौखिक साक्ष पारखून घ्यावी लागते हे खरेच. पण बखर तरी आपण पारखल्याशिवाय कुठे घेतो? बखरीला चाळणी लावावयाची आणि आफ्रिकी वृद्धाच्या साक्षीला केराची टोपली दाखवावयाची, याला चिकित्सा म्हणत नाहीत.

आता ‘आपल्याला याचे काय?’ असे विचारणाऱ्यांसाठी ङोनी लोकांची हकीकत सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झुलू प्रदेशात मोठी उलथापालथ झाली. तेव्हा झ्वांगेन्दाबा या जेरे कुळाच्या सरदारामागे काही ङुनी लोक उत्तरेकडे निघाले. नोव्हेंबर १८३५ मध्ये सूर्यग्रहणाच्या दिवशी त्यांनी झांबेझी ओलांडली. वाटेत अनेक समाजांतील माणसे त्यांच्यात मिसळली, घरात स्थानिक सुना आल्या, मुले आईची भाषा बोलू लागली. आज मलावीतील ङोनी बहुतांशी चेवा किंवा तुंबुका बोलतात. परंतु जेरे हे कुळनाम टिकले, ङोमाचे नृत्य टिकले, आणि आपण कोठून निघालो याची कथा टिकली.

या हकीकतीत आपला चेहरा दिसत नाही काय? १७३७ साली बाजीरावाने याच भोपाळपाशी निजामाला कोंडले आणि पुढच्या जानेवारीत दोराह्याचा तह झाला. त्या काळच्या मराठी फौजांमागून माळव्यात आलेली घराणी येथे आहेत; १ नोव्हेंबर १९५६ ला भोपाळ राजधानी झाल्यावर नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरहून कचेऱ्यांबरोबर आलेली कुटुंबे आहेत. नातवंडे घरातही हिंदी बोलतात. आडनाव, कुलदैवत आणि गणपतीतली आरती एवढे शिल्लक आहे. शेजारी आपल्याला ‘मराठी’ या एका शब्दात गुंडाळतात. त्यात कोकण, देश, वऱ्हाड, तंजावर सारे एक होते. आपण त्यावर हसतो आणि मग आवर्जून सांगतो की, आमचे गाव अमुक, आमचे पूर्वज तमक्या सरदाराबरोबर आले. हे सांगण्याचा जो हक्क आपण मागतो तोच चापूला होता, सिद्दी हिलालला होता, हल्याळच्या सिद्दीला आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. आपल्या व्याख्यानांत व मुलांच्या स्पर्धांत मलिक अंबर येईल तेव्हा ‘हबशी गुलाम’ म्हणून पुढे जाऊ नये. इथिओपिया, ओरोमो आणि चापू हे तीन शब्द त्यात यावेत. पन्हाळ्याचा प्रसंग सांगताना जौहरबरोबर हिलालचेही नाव घ्यावे. ग्रंथालयाच्या इतिहासाच्या कपाटात आफ्रिकेला एक फळी मिळावी. आणि ‘आफ्रिकेला इतिहास कुठला?’ असे कोणी बैठकीत म्हणाले तर सौजन्यापोटी गप्प बसू नये. तेथल्या तेथे विरोध नोंदवावा.